उणे सहा आणि पाण्यातला गणपती

गोल्फ नावाच्या खेळात माझ्या मुलाचा माणूस मी हरवला. काठीला हात न लावता.

मी चौथी शिकलेली. अमेरिकेत शॉमबर्गला मुलाकडं, प्रकाशकडं, सहा महिन्यांसाठी आले होते. एका गुरुवारी त्याची पँट मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे चाचपले (ही सवय सोलापूरची, नवऱ्याच्या खिशानं लावलेली!) आणि हाताला चिठ्ठी लागली. इंग्रजीत सहा नावं, प्रत्येकापुढं दुसरं एक नाव. तसल्याच चिठ्ठ्यांवर नवऱ्यानं मटक्यात आधी शिलाई मशीन घालवली, मग घरावरचे पत्रे. पुढची बारा वर्षं खानावळीच्या भाकऱ्या थापून मी पोरगा इंजिनियर केला.

नात ईशा आठ वर्षांची. तिच्याकडून चिठ्ठी वाचून घेतली.

"आजी, इट्स गोल्फ. बाबाज् ऑफिस. दे आर बेटिंग!"

"म्हणजे काय गं?"

"लाइक... हू विल विन. बाबानं रेड कॅपवाला घेतलाय."

सून वैशाली लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाली, "अहो आई, ऑफिसचं पूल असतं ते, आपसातली पैज. सगळेच लावतात."

"त्याचा बापही हेच म्हणायचा. सगळेच लावतात!"

प्रकाशला विचारायचा प्रश्नच न्हाई. लावणाऱ्याला विचारलं की तो खोटं बोलतो, हे मी एका संसारात शिकले. त्यात ग्रीन कार्डाचे कागद अडकलेले. पोलिसांना कळलं तर? सगळ्यांना सामानासकट घरी धाडतील! मी ठरवलं, एकदा जिंकू दे. जिंकलेल्याला शपथ घालता येते. हरलेला ऐकत न्हाई, तो गेलेलं परत आणायला जातो.

शुक्रवारी टीव्हीवर लाल टोपीवाला दिसला. गुळगुळीत हिरवळ, चार पावलं चालायचं, काठी मारायची, की लोकांनी हळूच टाळ्या वाजवायच्या (आमच्याकडं बारशाला यापेक्षा जास्त आवाज असतो!). त्याच्या नावापुढं लाल अक्षरात उणे सहा.

लाल! प्रकाशच्या पाचवीच्या प्रगतिपुस्तकात गणिताखाली लाल रेघ आली होती. लाल म्हणजे नापास, एवढं चौथी शिकलेल्या बाईलाही कळतं. आणि हा तर शून्याच्याही खाली! वर प्रकाश सोफ्यावर उड्या मारतोय, "येस! माइनस सिक्स! यार, काय खेळतोय!" पत्रे गेले त्या दिवशी नवराही असाच हसत होता.

मी गणपती पाण्यात ठेवला. वैशालीच्या सॅलडच्या काचेच्या वाडग्यात. म्हणलं, "बाबा, लाल जाऊन काळं होऊ दे. आकडा वर चढल्याशिवाय मी तुला बाहेर काढत न्हाई."

शनिवारी उणे एक! देव पावायला लागला! मी पाणी गळ्यापर्यंत वाढवलं. प्रकाश धड जेवला न्हाई. मी मनात म्हणलं, धीर धर बाळा, चढतोय.

रविवारी लाल टोपीवाल्यानं काठी मारली आणि चेंडू गपकन तळ्यात! "ओह नो!" प्रकाश ओरडला. म्हणलं, देव पाण्यात, चेंडू पाण्यात, लक्षण लई चांगलं. आकडा शून्यावर आला, मग काळा झाला, मग दोन, चार, पाच! प्रकाशनं डोकं धरलं. मी साखरेचा डबा घेऊन धावले आणि त्याच्या तोंडात चिमूटभर कोंबली.

"पास झाला रे तुझा माणूस! आता माझी शपथ घे, परत लावणार न्हाई!"

"आई, अगं यात कमी आकडेवाला जिंकतो! जितके फटके कमी, तितका भारी. आपला सहा जणांत शेवटचा आलाय!"

"कमीवाला? आणि मग लाल?"

"लाल बेस्ट असतं!"

वैशाली वाडग्यातल्या गणपतीकडं बघत म्हणाली, "आई, तुम्ही नक्की काय मागितलंत?" मी सांगितलं. ईशा हसून हसून जमिनीवर लोळली.

मला कुठलं हसू! "किती घालवलंस? घर?"

प्रकाश जवळ येऊन बसला.

"मी पैसे लावीन, आई? पत्रे गेले तेव्हा नऊ वर्षांचा होतो मी. सगळं आठवतंय. जो हरेल त्यानं अख्ख्या टीमला घरचं जेवण घालायचं, एवढंच."

साखरेचा डबा खाली ठेवून मी म्हणलं, "टीम म्हणजे किती माणसं?"

"अठ्ठावीस."

मी रडले न्हाई. तेवढा वेळच नव्हता, ज्वारीचं पीठ चाळायचं होतं. मंगळवारी पहाटेपासून साठ भाकऱ्या थापल्या. धुराची घंटा तीनदा केकाटली, वैशाली तिच्याखाली टॉवेल हलवत उभी! गणपती कोरडा होऊन देव्हाऱ्यात बसला होता. त्याला काय बोलणार? मागितलं तेच त्यानं दिलं होतं.

सोलापुरात नवऱ्यानं हरवलेलं मी भाकऱ्या थापून भरून काढलं, अमेरिकेत येऊनही तेच केलं. फरक एवढाच, की या खेपेला हरवणारी मीच होते!