जैसे थे

‘नमस्कार’ म्हटले की ते ‘बरं’ म्हणत. मान वर न करता. जणू आपण त्यांच्यापुढे एखादी चूक कबूल केली आहे आणि ती त्यांनी ऐकून घेतली आहे.

मी छापखान्यात प्रुफे तपासते. ते खाली ऑफसेटवर मशीनमन होते. बावीस वर्षे आम्ही एकच जिना वापरला. कुणाच्या वाढदिवसाचा केक आला की ते मशीन सुरू करत. गाणे म्हणणाऱ्यांचे फक्त ओठ हलताना दिसत.

जेवणाच्या सुट्टीत ते भिंतीकडे तोंड करून, कानात इअरफोन घालून बसत. काय ऐकता, असे मी एकदा विचारले. त्यांनी एक इअरफोन काढून पुढे केला. पत्र्याच्या शेडवर कुणी वाळू ओतते आहे आणि आत कोंडलेला माणूस ओरडतो आहे, असे काहीतरी होते. याला ब्लॅक मेटल म्हणतात, त्यांनी सांगितले. दूरच्या थंड देशांतल्या पोरांनी तळघरात, स्वस्त मायक्रोफोनवर केलेले. मी म्हटले, रेकॉर्डिंग खराब आहे.

‘असू दे. चांगल्या स्टुडिओत सगळे अंघोळ करून येतात, बाई.’

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर एक कॅसेट होती. त्यांची स्वतःची. खडकीच्या घरी, जुन्या टेपरेकॉर्डरवर केलेली. गिटार, ओरडणे, आणि सगळ्यावर खरखर. मी ती प्रामाणिकपणे तीनदा ऐकली आणि सोबत एक कागद जोडून परत केली. इथे आवाज फाटला आहे, इथे खरखर फार, इथे शब्द लागत नाहीत. सवय, दुसरे काय.

कागद परत आला तेव्हा माझ्या प्रत्येक ओळीखाली टिंबे होती आणि समासात ‘जैसे थे’. छापखान्याबाहेरच्यांसाठी सांगते: चुकून खोडलेला शब्द परत ठेवायचा असला की आम्ही ही खूण करतो. ती त्यांनी माझ्यावरच चालवली होती.

शब्द तरी लिहून द्या, मी म्हटले.

‘नाही. तुम्ही तपासाल.’

पण कॅसेट त्यांनी माझ्याकडेच राहू दिली. मला ती आवडू लागली असे म्हणणार नाही. एवढेच झाले की बाकीची गाणी खोटी वाटू लागली. रेडिओवरचा गायक मला खूश करायला बसलेला असे. हा माणूस कुणासाठीच ओरडत नव्हता. खरखरीत कान घालून त्याला शोधावे लागे, आणि शोधता शोधता माझाच राग हाती लागे. दिवसभर दुसऱ्यांची वाक्ये सरळ करणाऱ्या बाईलाही राग असतो. तो कुठे ठेवायचा, हे मला कुणी शिकवले नव्हते.

मार्चमध्ये, एका रविवारी दुपारी, ते खुर्चीत बसल्या बसल्या गेले. मालकांनी छापखान्याच्या फळ्यावर लिहिले, ‘मनमिळाऊ सहकारी हरपला.’ मी फळ्यापुढे डस्टर घेऊन बराच वेळ उभी राहिले. इतकी ढोबळ चूक मी कधी सोडली नव्हती. तीही जैसे थे ठेवली.

पुण्यानुमोदनाला खडकीला गेले. वंदना झाली, लोक पांगले. त्यांची थोरली बहीण मला आतल्या खोलीत घेऊन गेली. टेपरेकॉर्डरमध्ये त्यांची शेवटची कॅसेट तशीच होती. घरात त्याचा आवाज म्हणून एवढेच उरले आहे, ती म्हणाली. फोनवरसुद्धा तो बोलायचा नाही. पण यातही नीट ऐकू येत नाही. ‘तुम्ही शिकलेल्या आहात, मॅडम. जरा साफ करून आणा.’

यावर त्यांचे उत्तर काय असते, ते मला तोंडपाठ होते. तरी मी कॅसेट पर्समध्ये टाकली.

स्टुडिओतल्या गृहस्थांनी दोन दिवसांत खरखर काढली. शेवटी नुसतीच खरखर आहे, कापू का, त्यांनी विचारले. मी म्हटले, कापा.

मी पुन्हा खडकीला गेले. बहिणीने ते माझ्या फोनवर ऐकले. घसा बसलेला कुणी एक गृहस्थ रिकाम्या खोलीत ओरडत होता. माझ्याही ओळखीचा नव्हता. तिने फोन माझ्याकडे सरकवला.

‘हा कोण?’

मग तिने मूळ कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये घातली. वाळू पडू लागली, शेड वाजू लागली, आत ते होते. ओरडणे संपले तरी खरखर चालूच राहिली. ती बंद करेना, म्हणून मीही बसून राहिले. बऱ्याच वेळाने खुर्ची सरकली. चपला जवळ आल्या. आणि अगदी कानाशी, साध्या आवाजात,

‘बरं.’

खट्. बटण दाबल्याचा आवाज.

ती कॅसेटकडे बघत होती. ‘हे तुमच्यात नव्हतं.’

‘मीच कापायला सांगितलं.’

‘बरं,’ ती म्हणाली. मान वर न करता.