मागून आलेली हाक

मूत्राशयाच्या कर्करोगाची पहिली खूण बहुधा दुखत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. माझ्या थोरल्या भावाच्या लघवीतून रक्त गेले तेव्हा त्यालाही काही दुखले नाही. पळसदरीला, धरणाजवळच्या त्याच्या घरामागच्या दगडावर त्याने ते पाहिले, उन्हाळी लागली असे ठरवले आणि धने-जिऱ्याचे पाणी प्याला. रक्त थांबले. ते धन्यांमुळे थांबले नव्हते. हे रक्त असेच येते, आपोआप जाते, आणि गाठ आत बसून राहते. शाळेत आयुष्य गेल्यामुळे कारण आणि योगायोग वेगळे करण्याची मला सवय आहे. दादाला ती नव्हती.

पुन्हा रक्त आले तेव्हा मी त्याला रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी कागदावर लघवीच्या पिशवीचे चित्र काढून दाखवले. गाठ आतल्या अस्तरापुरती असेल तर दुर्बिणीतून खरवडून काढता येते. ती स्नायूत शिरली की माणूस वाचण्याची आशा झपाट्याने घटते. वय, विडी, दादाने तरुणपणी रंगाच्या कारखान्यात केलेले काम, मूत्रपिंडांची अवस्था, या साऱ्यांचाही विचार करावा लागतो. दादाची गाठ अस्तरातच होती. शेजारच्या खाटेवर कशेळ्याच्या वरच्या वाडीतला एक म्हातारा होता, त्याचीही तशीच.

"पण ही परत उगवते," डॉक्टर दोघांना म्हणाले. "दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघायचं. रक्त दिसो, न दिसो."

दोघांना एकाच दुपारी घरी सोडले. आमच्याकडे रुग्णालयातून निघताना अंगावरची एखादी वस्तू तिथेच टाकतात आणि मागे वळून पाहत नाहीत. पाहिले तर दुखणे पाठोपाठ घरी येते, असे मानतात. म्हाताऱ्याने कांबळे टाकले. दादाने चपला खाटेखाली सोडल्या आणि तापलेल्या फरशीवरून तो अनवाणी चालू लागला. फाटकाशी पोचलो तोच पहारेकरी धावत आला. "बाबा! ओ बाबा, चपला राहिल्या!"

दादा वळला.

"फिरलो रं, मास्तर," तो पुटपुटला.

"काही होत नाही, दादा."

"तुला काय जातंय सांगाया!"

म्हातारा फाटकाबाहेरच्या जीपमध्ये बसला होता. समोरची नजर न काढता तो हसत म्हणाला, "आता तुमाला बोलावतील हां, पाव्हणं."

काही आठवड्यांनी दादाला भर दुपारी हाक ऐकू येऊ लागली. रस्त्याकडून कोणीतरी "बाबा" म्हणे. आमच्या गावात त्याला सगळे तात्या म्हणतात. बाबा म्हणणारे कोणी नाही. तो बाहेर जाई, रस्ता मोकळा असे. तपासणीची तारीख आली तेव्हा मी समजावण्याची तयारी करून गेलो, तर तो कपडे घालून बसलेला. "बोलावणं हाय. जायलाच पायजे." दुर्बिणीत एक बारीकशी नवी गाठ सापडली. वेळेवर सापडली म्हणून ती तेव्हाच काढता आली.

म्हाताऱ्याची बायको पुढे कशेळ्याच्या बाजारात करटुली विकताना भेटली. मी त्याची चौकशी केली.

"त्यानं मागं बघितलंच नाय," ती म्हणाली. "रगत बी थांबलं. मंग कशापायी जायाचं? परत आलं तवा पाय सुजलं व्हतं." तिने करटुली मोजून पिशवीत घातली. "जाताना इचारत व्हता, त्यो फिरलेला पाव्हणा हाय का अजून?"

हे मी दादाला सांगितले नाही. त्याच्या तपासण्या चालू राहिल्या, आणि प्रत्येक तपासणीआधी हाक येत राहिली. या खेपेला मात्र ती आली नाही.

"सुटलो रं," तो ओटीवर पाय पसरून म्हणाला. "बोलावणाऱ्यानंच सोडलं. आता कशाला ती नळी घालून घ्यायची?"

मी पिशवीचे चित्र काढले, अस्तर दाखवले, स्नायू दाखवला. तो मान डोलवत राहिला. आमच्या वर्गात शेवटच्या बाकावरची मुले अशीच मान डोलवत. तारीख उलटून गेली. मग एका दुपारी मी रस्त्याकडच्या कुंपणाआड उभा राहिलो आणि त्या पहारेकऱ्याच्या चालीवर आवाज दिला, "बाबा!" आवाज माझा वाटला नाही. मागच्या दाराने घरात आलो, तर दादा कपड्यांची पिशवी घेऊन उभा. चेहरा पांढराफटक.

"चल, मास्तर. आज दोनदा हाक आली."

"दोनदा?"

"एक रस्त्याकडनं. तिच्या आदी एक, धरणाकडनं."

धरणाकडे मी गेलोच नव्हतो. पण गाडीची वेळ झाली होती, आणि दादाने चपला घातल्या होत्या.