एका तिकिटात दोघं

सांगलीतल्या आमच्या मैदानाला सुरुवातीला कुंपणच नव्हतं. तीन बाजूंनी रस्ता, चौथ्या बाजूला बाभळी आणि मधल्या मुरमाच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारल्या की झालं फुटबॉलचं मैदान. मध्यंतराला आमच्या फुटबॉल मंडळाचे चार गडी एक चादर चारी कोपऱ्यांना धरून कडेकडेनं फिरायचे. ज्याला जेवढं जमेल तेवढं त्यानं त्या चादरीत टाकायचं. हळदीच्या पेठेतला हमाल पाच पैसे टाकायचा, पेढीवाला रुपया टाकायचा, आणि दोघं एकाच दोरीला पोट टेकून मॅच बघायचे. चादर जवळ आली की काही जणांना नेमका तेव्हाच आपल्या चपलेचा अंगठा तपासावासा वाटे. त्यांनाही कुणी काही बोलत नसे.

माझा थोरला भाऊ त्या दोरीला उभा असायचा, उत्तरेकडच्या गोलाच्या मागं. आमचं मूळ गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं. तिकडं पळायला माळ चिक्कार, पण चेंडू कुणी बघितला नव्हता. भाऊ सोळाव्या वर्षी सांगलीत आला, कापडगिरणीत मागावर लागला आणि गिरणीच्या संघात अनवाणी पायानं बॅक खेळायला शिकला. पुढं गुडघा गेला आणि खेळ सुटला. बघणं सुटलं नाही. त्याच्या पगारावर मी मॅट्रिक झालो, पाटबंधारे खात्यात कारकून लागलो. पहिली दोन वर्षं साताऱ्याला होतो, तेव्हा शनिवारी दुपारची एस.टी. पकडून यायचो आणि पिशवी घेऊन थेट मैदानावर जायचो. घर कुठं आहे ते नंतर. भाऊ गोलामागं असणार हे ठरलेलंच असायचं. त्याच्याबरोबर गिरणीतलेच तिघं दोस्त असत. त्यांची तोंडं मॅचभर चालू असत, आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार झाल्याशिवाय मॅच संपली असं कुणाला वाटत नसे.

पुढं माझी बदली सांगलीला झाली आणि मंडळाच्या कमिटीनं मला धरलं. माझं अक्षर बरं आहे. अक्षर बरं असलेल्या माणसाला आपल्याकडं कुठलीही कमिटी सुखानं जगू देत नाही.

मंडळानं बाहेरगावचे संघ बोलवायला सुरुवात केली होती. आधी कोल्हापूर, मिरज. मग पुणे, बेळगाव. ते संघ आले की त्यांचा प्रवास आला, उतरायची सोय आली, अंडी आली, दूध आलं. चादरीतल्या नाण्यांत एवढं भागेना. म्हणून एका हंगामात मैदानाला गोणपाटाचं कुंपण घातलं, एक फाटक ठेवलं आणि चार आण्यांचं तिकीट लावलं. लोकांनी थोडी कुरकुर केली आणि दिले. पुढच्या वर्षी आठ आणे झाले. त्याच्या पुढच्या वर्षी रुपया. रुपया झाला त्या दिवशी मी फाटकावर होतो. रोज येणारी माणसं पाटीसमोर उभी राहायची, खिशात हात घालायची, तो हात तसाच ठेवायची आणि दुसऱ्याच कुठल्या कामाला निघाल्यासारखी चालू लागायची. मला त्यांच्याकडं बघवत नव्हतं. मी उगाच तिकिटांची पुस्तकं सारखी करत बसायचो.

भाऊ आणि त्याच्या दोस्तांनी यावर तोड काढली. मध्यंतराला लघवीला किंवा चहाला बाहेर जायचं तर फाटलेल्या तिकिटाचा तुकडा दाखवून परत आत येता येत असे. त्यांनी चौघांत दोन तिकिटं काढायला सुरुवात केली. पहिली हाफ दोघांनी बघायची, मध्यंतराला तुकडे बाहेरच्या दोघांच्या हातात द्यायचे, दुसरी हाफ त्यांनी बघायची. पुढच्या मॅचला पाळी उलटी. तुकडा देता देता आतला बाहेरच्याला घाईघाईनं सांगायचा, "त्यांचा डावा बॅक लंगडतोय, त्या अंगानं ध्यान ठेव." मॅच संपली की चौघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसायचे. आधी पहिली हाफ सांगितली जायची, मग दुसरी. मधे कुणी घाई केली तर त्याला गप्प बसवायचे. बघता बघता गिरणीतले, पेठेतले, रेल्वेतले सगळेच असं करू लागले. मध्यंतराला फाटकावर नुसती अदलाबदल चालायची. मी डोळे झाकून तुकडे बघायचो.

एकदा मी भावाला कमिटीचा पास दिला होता. तो त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकला. मला म्हणाला, "फुकट बघाया मी काय मामलेदार हाय व्हय रं? आमचं अर्धं हाय, ते आमच्या पैशाचं हाय."

मग ती फायनल आली. बेळगावच्या पलटणीचा संघ येणार होता आणि तिकीट दोन रुपये ठरलं. फायनलच्या आधी पंधरा दिवस कमिटीची बैठक झाली. आमचे सेक्रेटरी हळदीचे व्यापारी, जैन, सरळ माणूस. संध्याकाळी दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून मॅच लांबली तर उपाशी राहायचे, पण मैदान सोडायचे नाहीत. पलटणीच्या जेवणाखाण्याची हमी त्यांनी स्वतःच्या पेढीवर घेतली होती. ते म्हणाले, "एका तिकिटात दोन माणसं बघतात. आपण ते चालवून घेतो. मग आपलाच खर्च निघत नाही, म्हणून आपण दर वाढवतो, आणि दर वाढला की आणखी माणसं अर्धं बघतात. कुठंतरी हे थांबवायला हवं. फायनलपासून मध्यंतरानंतर तिकीट बाद. कुणाची हरकत?"

त्यांचं चुकत होतं असं मला तेव्हाही म्हणता येत नव्हतं. पण हे दर वाढायला लागले तेव्हा आधी कोण सुरू झालं, आपण की ती माणसं, एवढं तरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी म्हणालं असतं, तुमचा भाऊ त्यातलाच ना? ते खोटं नव्हतं. हात वर करा म्हणाले, मी हात वर केला. शिवाय पाटी लिहायचं काम माझ्याकडंच आलं. अक्षर बरं ना.

आता भावाला सांगायचं होतं. तेवढंच काम, एका वाक्याचं. पंधरा दिवसांत मला ते जमलं नाही. सकाळी तो सातच्या पाळीला जायच्या आत सांगू म्हणायचो, तर तो भाकरी बांधून घेत असायचा. संध्याकाळी सांगू म्हणायचो, तर तो दोस्तांबरोबर फायनलचंच बोलत असायचा. एकदा तोंड उघडलं तर त्यानंच विचारलं, "काय रं, पोट दुखतंय का?" मी हो म्हणालो आणि वहिनीनं ओवा आणून दिला. तो चावत बसलो. नियम सांगायचा म्हणजे तो कुणी केला ते सांगायचं, आणि तिथं माझी जीभ अडकत होती. मी मनाची समजूत घालत होतो की फायनल आहे, तो पूर्ण तिकीट काढेल. पाटी वाचेल. कुणीतरी सांगेल. रात्री मात्र झोप लागत नव्हती.

फायनलच्या दिवशी गर्दी उसळली. साडेचारला मॅच होती, चारलाच तिकिटं संपली. मी फाटकावर आणि माझ्या शेजारी खुर्ची टाकून सेक्रेटरी. भावाचे दोन दोस्त तिकिटं फाडून घेऊन आत गेले. भावाचा पत्ता नव्हता. म्हणजे आज दुसरी हाफ भावाची. फायनलमध्ये दुसरी हाफ बघायला मिळावी म्हणून त्यानं आधीच्या दोन मॅचमध्ये आपली पाळी सोडली होती, हे मला नंतर कळलं. पाटी माझ्या डोक्यावरच लटकत होती, चांगल्या ठसठशीत अक्षरात. गर्दीत ती कुणी वाचत नव्हतं.

मध्यंतराची शिट्टी झाली. माणसं बाहेर यायला लागली तसे सेक्रेटरी ओरडून सांगू लागले की बाहेर गेलात तर परत आत नाही. निम्मे मागं फिरले. पण पुढं असलेले ढकलले जाऊन बाहेर आलेच, त्यात भावाचे ते दोघं दोस्तही होते. मला ते बाहेर पडताना दिसले. मी त्यांना अडवायला हवं होतं. हात पुढं केलाही असेल, मला आठवत नाही.

थोड्या वेळानं भाऊ तुकडा घेऊन फाटकाशी आला. धुतलेला सदरा घातला होता. केसांना कापसाची तूस तशीच होती. मला बघून त्याचा चेहरा मोकळा झाला, आणि त्यानं तुकडा माझ्याकडं धरला.

सेक्रेटरी शेजारी खुर्चीवर परत बसले होते. भावाला ते ओळखत नव्हते. मी एक शब्द बोललो असतो, हा माझा थोरला भाऊ, तर त्या माणसानं स्वतः उठून त्याला खुर्ची दिली असती. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही माहीत आहे. पण त्यांनी मग माझ्याकडं बघितलं असतं. ज्या घरात हे अर्धं तिकीट जन्माला आलं त्याच घरचा माणूस फाटकावर बसवला, असं त्यांच्या मनात आलं असतं.

मी म्हणालो, "आवं पाहुणं, मध्यंतरानंतर तिकीट बाद हाय. पाटी लावलीय."

पाहुणं. सख्ख्या भावाला.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. मग पाटीकडं. माझं अक्षर तो ओळखतो. शाळेत घातलं तेव्हा माझी पहिली पाटी त्यानंच विकत आणून दिली होती. त्याला सगळं कळलं असणार. त्यानं तुकडा खिशात घातला आणि एखाद्या परक्या कारकुनाशी बोलावं तसा हळू आवाजात म्हणाला, "व्हय का सायेब? आमास्नी ठावं नव्हतं." आणि मागच्यांना वाट देत बाजूला झाला. मला सांभाळून घेतलं त्यानं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

फाटकाचा बांबू आडवा पडला. बाहेर चाळीस-पन्नास माणसं तुकडे हातात धरून उभी राहिली. काही चिडली, काही हसली, काही जण गोणपाट खालून उचलायला लागले. मी फाटकाकडं तोंड करून उभा राहिलो. सेक्रेटरी आत जाऊन बसले होते, पण मला तिथून हलवेना. गर्दीत भावाला शोधत होतो. तो आणि त्याचे दोस्त गोणपाटाला लागून, उत्तरेकडच्या गोलाच्या बाजूला उभे होते. आतलं काही दिसत नव्हतं, तरी त्यांची तोंडं मैदानाकडं होती. एकदा आत मोठा गलका झाला. फटाका वाजला. बाहेरची माणसं एकमेकांना विचारू लागली, कुणाचा, कुणाचा. आपला, असं आतून कुणीतरी ओरडलं. बाहेरही टाळ्या पडल्या. भावानं टाळ्या वाजवल्या नाहीत; तो कान लावून होता.

आम्ही एक शून्यनं जिंकलो. पुढाऱ्यांची भाषणं झाली, ढाल दिली गेली. बाहेर येऊन बघतो तर भाऊ निघून गेला होता. मी सायकल हातात धरून नदीच्या बाजूनं उगाच लांबचा फेरा मारला. काय बोलायचं ते ठरवत होतो आणि प्रत्येक वाक्य मला खोटं वाटत होतं. हात कुणी वर केला हे सांगायचं की नाही, पाहुणं का म्हणालो हे कसं सांगायचं. दिवे लागून गेल्यावर घरी पोचलो.

भाऊ जेवायला बसला होता. वहिनीनं माझं ताट वाढलं. मी बसलो, पण घास उचलेना. मी म्हणालो, "दादा, मी तुला आधी सांगायला पायजे हुतं."

"जेव," तो म्हणाला.

वहिनी भाकरी थापत होती. मग तो आमटीत भाकरी कुस्करता कुस्करता नेहमीच्या आवाजात म्हणाला, "पयली हाफ दोस्तांनी सांगितली मला. लय भारी झाली म्हनं. आता दुसरी तू सांग. गोल कुठल्या अंगानं आला?"

माझ्या जिवात जीव आला. रागावला नाही, विचारतोय. सांगायला गेलो आणि ध्यानात आलं. मला माहीतच नव्हतं. गोल झाला तेव्हा माझी पाठ मैदानाकडं होती. डावीकडून आला का उजवीकडून, डोक्यानं मारला का पायानं, कुणी मारला, मी काही म्हणता काही बघितलं नव्हतं. दुसऱ्या हाफमधलं एक मिनिटही मी बघितलं नव्हतं.

"मी फाटकाकडं तोंड करून उभा हुतो, दादा," मी म्हणालो. "मी न्हाई बघितला."

त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. माझ्याकडं बघितलं. त्यात राग नव्हता. खरंच प्रश्न पडल्यासारखा तो बघत होता.

"मंग आपल्यातलं आत हुतं तरी कोन रं?" त्यानं विचारलं.