‘ज्ञ’ शेवटी गेला

मेहकरच्या वाचनालयाची वेबसाइट पुष्पांजलीनं एकटीनं बांधली होती. सगळं झकास चालायचं, पण पुस्तकांची नावं क्रमानं लावताना साइट चालवणारं सॉफ्टवेअर, पीएचपी, ‘ज्ञ’ला ‘ज’च्या घोळक्यात कोंबायचं, अन् तिचा जीव खालीवर व्हायचा. मराठी वर्णक्रम जाणणारं जोडसॉफ्टवेअर, म्हणजे एक्स्टेन्शन, होतं, पण तिच्या लिनक्सवर ते सोर्स कोडपासूनच तयार करावं लागणार होतं.

रविवारी दुपारी ती वाचनालयातच ठाण मांडून बसली. आधी सगळी सामग्री आहे का ते तपासणारी ‘कॉन्फिगर’ची कमांड चालवली तर पहिल्याच फटक्यात उत्तर आलं, ‘लायब्ररी सापडली नाही’. चहूकडे पुस्तकांची कपाटं, अन् हा निरोप! तिला हसू आवरेना. हवी ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, टाकून तिनं एक्स्टेन्शन बांधणारी ‘मेक’ची कमांड दिली. पडद्यावरून ओळींचा लोंढा धावला आणि एकही चूक न दाखवता थांबला. एक्स्टेन्शन इन्स्टॉल करून, पीएचपीच्या सेटिंगमध्ये त्याचं नाव घालून तिनं सर्व्हर पुन्हा सुरू केला.

यादी उघडली. ‘ज्ञ’ थेट शेवटी!

तिनं किंकाळीच फोडली आणि ग्रंथपाल सुभद्राबाईंचे हात धरून गरागरा फुगडी घातली.

“अवं, काय झालं तुले?”

“मावशी, ‘ज्ञ’ शेवटी गेला!”

“तो तं शेवटीच असते न, पोरी!”

“हाव! पण आता कॉम्प्युटरलेबी समजलं!”

वाचकांनी पेपर खाली ठेवले. सुभद्राबाई धापा टाकत म्हणाल्या, “मंग आनखी एक फुगडी होऊन जाऊ दे!”