पायाला पिवळं दिसतं का?

निजामाचं राज्य जायच्या वर्षी डोंगरकड्याच्या आमच्या शेतातली जुनी बाभूळ पाडायची ठरली. तिच्या ढोलीत मोहोळ होतं. मोतीबिंदूने माझ्या सासऱ्यांची नजर गेलेली. माशांचा आवाज ऐकत बसणं एवढाच त्यांचा विरंगुळा. म्हणून मी ते मोहोळ काढलं, पोळ्याचे तुकडे लाकडी खोक्यात अंबाडीच्या वाखाने बांधले आणि खोकं ओसरीवर आणलं. बांधताना लांब पोटाची एक माशी अंगठ्याखाली चिरडली. राणीच ती! मी गुपचूप पदराला हात पुसला. माझ्या हाताला गुण आहे असं घरात सगळे म्हणत, आणि मला त्याचा ताठा होता.

संध्याकाळी मामंजींनी खोक्याला कान लावला.

"माशा रडून राहिल्या. यांची आई मेली का काय?"

"मला काय म्हाईत, मामंजी?"

"कवळ्या अळ्या असतील तर दुसरी राणी करतील. महिनाभर उघडू नको. पायाला फुलांचं पिवळं पराग घेऊन येतात का तेवढं बघ, पिल्लांसाठी आणतात त्या. न्हाई आणलं तर सांग. मळ्यातल्या मोहोळातला अळ्यांचा तुकडा देऊ यांना."

मग रोज सकाळी, "पिवळं दिसतं का?"

माशा रिकाम्या पायांनी येत. नाही म्हटलं तर राणी कशी मेली, हे निघणार. खोटं बोल पण रेटून बोल, तशी मी म्हणायचे, "हाय की!" उद्या खरंच दिसेल, अशी आशा. जीव नुसता टांगणीला लागलेला.

"आवाज तर रडकाच येऊन राहिला," मामंजी पुटपुटायचे. "कान बी चालले वाटतं माझे."

महिना भरला. खोकं उघडलं, आणि मी ओरडलेच, "अंडी, मामंजी!"

"पोळ्याच्या एका घरात किती?"

वाकून पाहिलं. कुठे दोन, कुठे तीन, भिंतींना कशीही चिकटलेली.

"एकेक असंल तर राणी झाली. जास्त असतील तर कामकरी माशांची. त्यातून नुसते नर निपजतात. मंग मोहोळ संपलं."

'एकेकच' हा शब्द जिभेवर आला होता. पण रडत रडत मी सगळं सांगून टाकलं, अंगठ्यापासून पिवळ्यापर्यंत.

मामंजी चाचपडत खोक्याजवळ सरकले. मग त्यांनी पुन्हा खोक्याला कान लावला.

"म्हंजी माझे कान बराबर व्हते," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडावर राग नव्हता, सुटका होती. आंधळ्या माणसाला मी महिनाभर बहिरंही करून ठेवलं होतं.