कमरेला बांधलेलं बी

बजरंग मार्केट यार्डात एकतीस वर्षं हमाल होता. टेम्पोतून पोतं पाठीवर घ्यायचं, गाळ्यात नेऊन थप्पीला लावायचं आणि रिकाम्या पाठीनं परत टेम्पोपाशी यायचं. कांदा, बटाटा, लसूण, आलं. पोत्यात काय आहे हे त्याला न बघता पाठीला कळायचं. त्या वर्षी दिवाळी होऊन आठ दिवस झाले असतील. त्यानं लसणाचं पोतं घेतलं, म्हणजे त्याच्या मते हलकंच, आणि दोन पावलं टाकून तो जागीच खाली बसला. उठता येईना. त्याच्या टोळीतल्या संपतनं आणि आणखी दोघांनी त्याला हातगाडीवर आडवं घातलं आणि रिक्षापर्यंत नेलं.

डॉक्टरांनी पाठीचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि म्हणाले, "आपण माणूस आहात, टेम्पो नाही. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही."

"पाच किलो म्हंजे पिशवीच झाली की, डॉक्टर."

"तीच. तीही शक्यतो दुसऱ्यानं उचलावी."

कमरेला बांधायला एक रुंद, तपकिरी पट्टा दिला. झोपताना सोडून दिवसभर वापरायचा.

ही हकिगत मला माहीत आहे ती बजरंगची बायको शकू हिच्यामुळे. ती पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल घेते, अकराच्या सुमाराला घरी येते, दोन घास खाते आणि दुपारनंतर आमच्या सोसायटीच्या फाटकाशी भाजी घेऊन बसते. मी तिची बारा वर्षांची गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मला घाई कसली नसते, त्यामुळे मेथी निवडून होईपर्यंत तिच्याशेजारच्या पायरीवर बसते. ती बोलते, मी ऐकते.

बिबवेवाडीच्या चढावर, टेकडीच्या अंगाला त्यांच्या दोन खोल्या. एकच मुलगी, हेमा, लग्न होऊन फलटणला. घरासमोर सिमेंटचा लांबट कट्टा, त्याच्या पलीकडे गल्लीची बुटकी भिंत आणि तिच्यात लोखंडी फाटक. बजरंग दिवसभर त्या कट्ट्यावर बसून राहायचा. शकू सांगायची, "बाई, आधी झोपून झोपून दमले, आता बसून बसून दमत्यात. एवढी वर्सं आंग मोडून काम केलं तवा कधी दमलो म्हणाले न्हाईत."

त्याचं त्यालाही कळत नव्हतं. त्याला वाटलं होतं, पंधरा दिवस झोप काढली की शीण जाईल. पण शीण झोपेनं जाईना. सकाळी उठायचा तोच थकलेला. दाढी करायची म्हटलं तरी वाटी, पाणी, आरसा हे सगळं गोळा करायचा कंटाळा यायचा.

रोपांचं त्याच्या डोक्यात आलं ते शकूच्या गिऱ्हाइकांमुळे. सोसायटीतल्या बायका तिला विचारायच्या, मिरचीची रोपं मिळतील का, टोमॅटोची आणशील का, गॅलरीत लावायचीत. तिनं घरी सहज सांगितलं. बजरंग म्हणाला, "रोपं काय, मी करीन. बसल्या जागंचं काम हाय."

"तुम्ही? जल्मात बी पेरलंय का?"

"पेरलं न्हाई. वाह्यलंय तर."

यार्डात हॉटेलांसाठीची परदेशी भाजी थर्माकोलच्या खोक्यांतून येते आणि खोकी तिथंच फेकली जातात. संपतनं आठ खोकी आणून दिली. बजरंगनं खिळा तापवून त्यांना तळाशी भोकं पाडली. शकूनं टेकडीवरची माती खेपा करून सहा घमेली आणली, गोठ्यावरून जुनं शेणखत आणलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं टोमॅटो, वांगी आणि मिरची पेरली, पाणी शिंपडलं आणि तो वाट बघत बसला.

एक आठवडा झाला. दुसरा झाला. त्या वर्षी थंडी कडक होती. टेकडीवरून वारा सरळ गल्लीत उतरायचा, आणि सकाळी खोक्यातल्या मातीला हात लावला तर फरशीसारखी गार लागायची. उन्हाचीही तऱ्हा होती. सकाळी ऊन कट्ट्यावर, दुपारी भिंतीवर. खोकी इकडून तिकडे हलवायची, तर ओल्या मातीचं एकेक खोकं दहा-बारा किलोचं. बजरंगला ते उचलायची बंदी. तो बुटक्या पाटावर बसून पायानं ढकलत न्यायचा, आणि भिंतीवर चढवायचं काम शकूवर. ती यार्डातून येऊन टोपली उतरवते न उतरवते तोच तो म्हणायचा, "तेवढी खोकी."

एक दिवस ती कडाडली. "माणसाचं करू का खोक्यांचं करू? मातीच तर हाय त्यात नुसती! मातीला ऊन दावायला मी एवढा चढ चढून आले का?"

तिनं आठही खोकी हलवली आणि भाकरी न खाताच भाजी घेऊन खाली आली.

त्यांच्या शेजारी सोजरबाई राहायची. सत्तरीपुढची, माहेर पुरंदरातलं, तरुणपणी भावांच्या मळ्यात राबलेली. तिनं एका खोक्यात बोट खुपसलं, एक बी चिमटीत वर काढलं आणि नखानं फोडून पाहिलं.

"जित्तं हाय रं बजरंगा. गारठलंय. थंडीत बी हलत न्हाई."

"मग काय करू, मावशी? शेकोटी करू का त्येला?"

"आमचा बा फडक्यात बांधायचा. बी राती भिजवायचं, सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधायचं आन् ऊब आसंल तितं ठिवायचं. चुलीमागच्या भानवशीला म्हन, उकिरड्यात म्हन."

"चूल कुठाय? गॅस हाय. उकिरडा म्युन्सिपाल्टी घिऊन जाती."

सोजरबाईनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. पट्ट्यावर तिची नजर थांबली. "त्यो कशाला बांधलाय? त्येच्या आत घाल की. आंगाची ऊब काय कमी आसती?"

बजरंगनं तसं केलं. टोमॅटोचं आणि मिरचीचं बी भिजवून शकूच्या जुन्या लुगड्याच्या दोन तुकड्यांत बांधलं, वर पातळ प्लास्टिक गुंडाळलं आणि दोन्ही पुरचुंड्या पोटाशी, पट्ट्याच्या आत सरकवल्या. रात्री पट्टा काढला की त्या अंथरुणात पोटाशी. दिवसातून दोनदा उघडून वारा द्यायचा, फडकं सुकलं असेल तर कोमट पाण्याचे दोन थेंब. पहिल्या दिवशी त्याला ओलसर, चिकट वाटलं. मग वाटेनासं झालं. खोकला आला की तो हात पोटावर ठेवून खोकायचा.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं टोमॅटोची पुरचुंडी उघडली. जवळपास प्रत्येक बीला पांढरं, केसाएवढं टोक फुटलं होतं.

शकू यार्डात गेलेली. सोजरबाई देवळात. बजरंग पुरचुंडी तळहातावर घेऊन कट्ट्यावर बसला. खाली ठेवली तर गार होईल, बांधली तर टोक मोडेल, म्हणून तसाच, दुसरा हात वर झाकून, नऊपासून अकरापर्यंत बसून राहिला. शकू आली, तेव्हा त्यानं वरचा हात बाजूला केला. तिनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"चहा घेतलात का?" ती म्हणाली.

"हात मोकळा कुठाय?"

तिनं चहा केला आणि कप त्याच्या तोंडाशी धरला.

ते बी त्यानं काडीपेटीच्या काडीनं एकेक करून मातीत बसवलं. मिरचीला आणखी चार दिवस लागले. त्याच सुमारास शकूनं मला विचारलं, "बाई, तुमच्या नव्या गादीवरचं प्लास्टिक टाकून तर न्हाई दिलं?" मी दिलं. ते खोक्यांवर ताणून बांधलं, की आत दिवसभराची ऊब राहायची आणि सकाळी आतून दव धरायचं. आठवड्याभरात टोमॅटोची हिरवी, दुपानी रोपं वर आली. बजरंग आता दाढी रोज करायचा.

संक्रांतीच्या आधी तीन दिवस आभाळ भरून आलं. ऊन नाही, वारा बोचरा. रोपांना थंडी लागेल म्हणून त्यानं प्लास्टिक उघडलंच नाही, उलट कडेनं विटा ठेवून आणखी बंद केलं, आणि माती सुकू नये म्हणून आधी पाणीही भरपूर दिलं होतं. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा त्यानं प्लास्टिक काढलं. रोपांनी माना टाकल्या होत्या. देठ मातीलगत काळे, दोऱ्यासारखे बारीक झालेले. बोट लावलं की आडवी. आठ खोक्यांत मिळून वीस-बावीस रोपं उभी असतील.

सोजरबाई म्हणाली, "कोंडलीस रं. वारा लागतो त्येस्नी. वरनं राख भुरभुरवायची आन् पानी आवरून द्यायचं."

"आधी सांगायचं हुतं, मावशी."

"तू इचारलं न्हाईस. मला वाटलं तुला कळलंय सगळं."

त्यानं त्या दिवशी जेवण केलं नाही. शकूनं ताट समोर ठेवलं, तेव्हा म्हणाला, "माझ्याच हातानं मारली. एवढी वर्सं दुसऱ्याचा माल वाह्यला, एक नग कधी फुटू दिला न्हाई. आन् घरातली दीडशे रोपं मला संभाळता आली न्हाईत. खोकी टाकून दे."

"टाकते," शकू म्हणाली. पण टाकली नाहीत. उरलेली रोपं एका खोक्यात ठेवली, बाकीची बुरशी लागलेली माती काढली, खोकी उन्हात उलटी करून वाळवली आणि नवी माती भरली. त्यानं पाहिलं आणि पाठ फिरवली.

रात्री तिनं पुन्हा बी भिजवलं आणि पहाटे फडक्यात बांधून त्याच्या पुढे धरलं. "बांधा."

"नगं. मला आता काई नगं शकू. मी दमलोय."

"मी न्हाई दमले का?" ती म्हणाली. आवाज चढवून नाही, नेहमीच्या आवाजात. मग तिनं पुरचुंड्या स्वतःच्या कमरेला, लुगड्याच्या ओच्याखाली बांधल्या आणि टोपली घेऊन निघाली.

पाच दिवस तिनं ते बी अंगावर वागवलं. यार्डात गर्दीतून वाट काढताना एक कोपर कमरेवर आडवं धरायची. बसमध्ये उभी राहायची, कारण बसलं की पुरचुंडी दाबली जायची. आमच्या फाटकाशी ती त्या आठवड्यात मांडी न घालता पाय लांब करून बसे. मी म्हटलं, "पाय दुखतायत का गं?" ती म्हणाली, "पाय तर दुखत्यातच, बाई. पर ते कारण न्हाई." आणि मग तिनं मला सांगितलं. हसली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं.

सहाव्या दिवशी घरी येऊन तिनं बजरंगसमोर फडकं उलगडलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. उठला, पट्टा आवळला. फडक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"यार्डात घिऊन फिरलीस?"

"मग काय घरी ठिवून जाऊ? कुणाजवळ?"

त्यानं काडीपेटी मागितली.

या खेपेला त्यानं सोजरबाईला कट्ट्यावरच बसवून घेतलं आणि प्रत्येक गोष्ट विचारली. वरून चाळलेली राख टाकली. प्लास्टिक दहा वाजता काढायचा, ऊन उतरताना घालायचा. पाणी फुलपात्रानं, बेतानं. संपत यार्डातून सुटला की येऊन खोकी भिंतीवर ठेवून जायचा. जाताना म्हणायचा, "बज्या, यार्डात एवढ्या हळू माल कधी उतरवला न्हाई आपण." बजरंग हसायचा. काही रोपं मेलीच. मिरची निम्मी आली. पण फेब्रुवारी सरता सरता सव्वाशेच्या वर रोपं चार-चार, सहा-सहा पानांची झाली, आणि शकूच्या टोपलीत भाजीशेजारी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ती खाली आमच्याकडे येऊ लागली. माझ्या गॅलरीत मिरचीची चार लागली.

मार्चमध्ये मी एकदा चढ चढून त्यांच्याकडे गेले. बजरंगला पहिल्यांदाच नीट पाहिलं. उंच माणूस, पण बसताना भिंतीला धरून, तीन टप्प्यांत बसला. मी पाठीचं विचारलं. "हाय तशीच," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणत्यात, आता अशीच ऱ्हानार." रोपांबद्दल बोलताना मात्र भराभरा बोलला, मध्येच थांबून दम खाल्ला, पुन्हा बोलला. शकू आतून चहा घेऊन आली आणि कट्ट्यावरच टेकली.

"आता पुढं काय पेरणार?" मी विचारलं.

"भेंडी, गवार," बजरंग म्हणाला. "उन्हाळ्याचं बी सोपं. भुई तापलेली असती. नुसतं टाकायचं, त्येचं त्ये उगवतं."

"उद्या टाका," शकू म्हणाली. "आज मला बसू द्या."

ती भिंतीला डोकं टेकून बसली आणि चहा अर्धा असतानाच तिचा डोळा लागला. बजरंगनं तिच्या हातातला कप हळूच काढून घेतला. मी उठले, तेव्हा त्यानं मला खुणेनंच सांगितलं, फाटक वाजवू नका.