खालचं अर्धं

सबनीसकाका कुठलाही कागद खालून वाचायचे. आधी सही, मग तारीख, मग साक्षीदार आणि सगळ्यात शेवटी वरचा मजकूर. गाडीच्या इन्शुरन्सचं पत्र असो, नाहीतर मंडळाच्या गणपतीचं निमंत्रण. मी एकदा हसले, तेव्हा म्हणाले, "वर काय लिहायचं हे लिहिणारा ठरवतो, वैशाली. खाली कोण अडकलंय ते आधी पाहावं." त्यांचे वडील अमरावतीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कारकून होते. खरेदीखतं, गहाणखतं, वाटणीपत्रं त्या घरात जेवताना बोलायचे विषय होते.

आमची ओळख टेक्ससमधल्या रिचर्डसन गावची. एका टेलिफोन कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासत असे, आणि मधुकर सबनीस केबलचे नकाशे आणि कागदपत्रं सांभाळत. आम्ही एकाच गाडीतून ऑफिसला जायचो. २००१ साली कंपनीनं माणसं कमी करायला सुरुवात केली. एका मंगळवारी काका पुठ्ठ्याचं खोकं मांडीवर घेऊन माझ्या शेजारी बसले. फ्रीवेला लागेपर्यंत मला रडू आवरेना. ते म्हणाले, "तू काहून रडतेस? नोकरी माझी गेली ना!" तेव्हा त्यांचं वय त्रेपन्न होतं.

पुढची दोन वर्षं त्यांनी मिळेल ते काम केलं. सुधाकाकू एका कपड्यांच्या दुकानात पँटी आखूड-लांब करून देत, त्यावर घर चाले. मग फोर्ट वर्थच्या पश्चिमेला गॅसच्या विहिरी खोदण्याची झुंबड उडाली. गॅसचे भाव चढत होते, आणि आजवर कुणी ढुंकून न पाहिलेल्या माळरानाखालच्या खडकालाही किंमत आली होती. टेक्ससमध्ये वरची जमीन एकाची आणि तिच्याखालचा वायू दुसऱ्याचा असू शकतो. जमीन विकताना मालक 'खालचं माझंच' असं लिहून ठेवू शकतो. ज्याचा हक्क खालच्या वायूवर, त्याच्याशी कंपनीला भाडेपट्टा करावा लागतो, आणि निघालेल्या गॅसच्या किमतीतला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी, त्याला द्यावी लागते. हा मालक आज कोण, हे शंभर वर्षांची दप्तरं चाळून शोधणारी माणसं कंपन्यांना हवी होती. अशाच एका कंपनीत काकांना हे काम मिळालं. रोज दीड तास गाडी चालवून ते एका लहान गावच्या कोर्टहाऊसमध्ये जाऊन बसू लागले. शाई उडालेलं, किरटं अक्षर इतरांना लागत नसे. काकांना लागे.

त्या दिवसांत ते खुशीत असत. मात्र एका गोष्टीनं चिडत. इतर लोक वारस मिळाला नाही की 'सापडत नाही' असा शेरा मारून मोकळे होत. काका म्हणत, "हे वाक्य कर्त्याशिवाय लिहू नये. कुणाला सापडत नाही? किती दिवस शोधलं? ते लिहा ना!"

२००५च्या हिवाळ्यात त्यांच्या हाती एक जुनं खरेदीखत आलं. आयझाया नावाच्या एका कृष्णवर्णीय शेतकऱ्यानं १९३०च्या दशकातल्या मंदीत आपली जमीन स्वस्तात विकली होती आणि शहरात निघून गेला होता. पण कागदात एक ओळ होती : तेल, वायू आणि इतर खनिजांतला निम्मा हक्क मी माझ्याकडे राखून ठेवत आहे. खाली सही. अक्षरं मोठी, वाकडी, पण स्वतःच्या हातची. काकांनी त्या पानाची झेरॉक्स मला दाखवली. "जमीन गेली, पण हा माणूस शुद्धीवर होता बघ," ते म्हणाले. "खालचं अर्धं सोडलं नाही त्यानं."

काकांचा साहेब म्हणाला, बेपत्ता लिहा. भाव असे चढलेत की एक दिवस थांबणं परवडत नाही. मालक मिळत नसेल तर त्याच्या वतीनं कोर्टाकडून परवानगी काढता येते. त्याच्या वाट्याचे पैसे मग कोर्टात पडून राहतात. काकांनी बेपत्ता लिहिलं नाही. सुट्टीच्या दिवशी ते स्वतःच्या पेट्रोलवर हिंडू लागले. दोन रविवार मीही गेले. गवत माजलेल्या एका दफनभूमीत ते थडग्यांवरची नावं वहीत उतरवत होते, आणि मी थंडी-पावसात कुडकुडत त्यांच्यावर छत्री धरून उभी होते. शेवटी एका चर्चच्या जुन्या नोंदवहीत आयझायाच्या मुलीच्या लग्नाची नोंद मिळाली, आणि तिथून त्याची एकुलती नात. फोर्ट वर्थमध्ये राहणाऱ्या, एक्याऐंशी वर्षांच्या मिस अर्नेस्टिन. शाळेच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्य काढलं होतं.

आम्ही दोघं गेलो. त्यांनी दार उघडलं तेव्हा अंगात ओव्हरकोट होता. घरातही तो त्यांनी काढला नाही. "गॅसचं बिल पाहिलंत का या वर्षी?" त्या म्हणाल्या. "एकच खोली गरम ठेवते मी." दिवाणखान्यात छताखाली दोन पातेली मांडलेली होती आणि त्यांत पाणी ठिबकत होतं. काकांनी खरेदीखताची प्रत त्यांच्या हातात दिली. त्या कितीतरी वेळ आजोबांच्या सहीवर बोट फिरवत बसल्या. मग काकांनी सगळं समजावून सांगितलं. गॅस निघाला तर किती वर्षं, कसा हिस्सा मिळेल. आधी वारस म्हणून तुमचं नाव कोर्टहाऊसमध्ये नोंदवावं लागेल, ते मी करतो. नंतर कंपनीचा माणूस कागद घेऊन येईल. परत येताना गाडीत काका चक्क गाणं गुणगुणत होते.

प्रतिज्ञापत्र झालं, साक्षीदार झाले, नोंद झाली. कंपनीत भाडेपट्ट्याचा कागद मंजुरीसाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिला. कोर्टहाऊसमधली नोंद मात्र कुणालाही पाहता येते. खालचे हक्कच स्वस्तात विकत घेणारे लोक अशा नव्या नोंदींवर डोळा ठेवून असतात, हे काकांना ठाऊक होतं. रोज ते त्यांच्याच शेजारच्या टेबलावर बसत.

अकराव्या दिवशी काका भाडेपट्टा घेऊन मिस अर्नेस्टिनकडे गेले. तेव्हा छपरावर कामगार होते. त्या हसून म्हणाल्या, "तुमचा माणूस आला होता. फार सभ्य होता, केक घेऊन आला. सही करून दिली मी."

काकांनी कागद मागितला. नेहमीप्रमाणे खाली पाहिलं. सही, नोटरीचा शिक्का, तारीख, सगळं चोख होतं. मग वर पाहिलं. तो भाडेपट्टा नव्हता. ते खरेदीखत होतं. आयझायानं राखून ठेवलेला सगळा हक्क नऊ हजार डॉलरला गेला होता.

"तो कंपनीकडून आलोय म्हणाला का?" काकांनी विचारलं.

मिस अर्नेस्टिननी आठवून पाहिलं. "नाही. मीच म्हटलं, तुमची वाटच पाहत होते. तुम्हीच सांगितलं होतं ना, माणूस येईल कागद घेऊन?"

हे मला काकांनी सांगितलं ते आमच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या. बस म्हटलं तरी बसले नाहीत. "तिनं माझ्या भरवशावर सही केली," एवढंच परत परत म्हणत होते. आम्ही एका वकिलाला गाठलं. त्यानं सांगितलं, भांडता येईल, पण वर्षं जातील, आणि तो माणूस खोटं काही बोललेला नाही. मिस अर्नेस्टिन म्हणाल्या, माझ्याकडे वर्षं नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात तिथे विहीर लागली. त्या माणसाचे नऊ हजार वर्षाच्या आत वसूल झाले असतील, त्यापुढचं सगळं त्याचं.

कंपनीत कुणाला काही वाटलं नाही. कंपनीनं त्या माणसाशी भाडेपट्टा केला, आणि मालकी वेळेत निश्चित केल्याबद्दल साहेबानं काकांची पाठ थोपटली. काकांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. यापुढे नाव नोंदवण्याआधी मी वारसाच्या घरी जाईन, भाडेपट्टा म्हणजे काय आणि विक्री म्हणजे काय ते सांगेन, मगच नोंदवीन. साहेब म्हणाला, "आपण कंपनीची माणसं आहोत, त्यांची नाही." काकांनी त्याच आठवड्यात राजीनामा दिला.

सुधाकाकू माझ्यापाशी फार रडल्या. "मोठेपणा आहे, मान्य आहे. पण ह्या नोकरीबरोबर डॉक्टरचा इन्शुरन्सही गेला गं. मला विचारलंसुद्धा नाही." काका शेजारीच होते. ते म्हणाले, "विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि तुझं बरोबर असतं." काकूंचं त्यावर समाधान झालं नाही, आणि मला अजूनही वाटतं की त्यांना विचारायला हवं होतं.

मग काका एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. दर शनिवारी सकाळी मिस अर्नेस्टिनच्या चर्चच्या तळघरात ते घडीचं टेबल टाकून बसत. पुढे पाटी : 'सही करण्याआधी दाखवा.' पुढच्या दोन वर्षांत खालच्या हक्कांचे भाव आणखी चढले, आणि ते विकत मागणाऱ्या गोड पत्रांचा लोकांच्या दारात पाऊस पडू लागला. पहिल्या शनिवारी तिघे आले. पुढे जिन्यावर रांग लागू लागली. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, नर्स, विधवा बायका. सगळ्यांचं नशीब उजळणार नव्हतं. एकाचा हिस्सा इतका बारीक निघाला की महिन्याला डब्यापुरतेही पैसे सुटले नसते. काकांनी तेही त्याला तोंडावर सांगितलं. उद्याचीच मुदत आहे म्हणून कुणी धावत आलं की म्हणत, "घाई कोणाला आहे ते बघा. फायदा त्याचाच असतो." पैसे घेत नसत. कुणी केकसारखा गोड 'पाय' भाजून दिला तर तो पेकनचा, म्हणजे तिथल्या अक्रोडाचाच आहे ना, एवढं विचारून मात्र घरी आणत.

पोटात दुखतंय हे त्यांनी सहा-सात महिने कुणाला सांगितलं नाही. इन्शुरन्स नव्हता, तपासण्या महाग. २००८च्या उन्हाळ्यात ते सरकारी इस्पितळात पोचले तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला बोलावलं. काकूंनी त्यानंतर एकदाही राजीनाम्याचा विषय काढला नाही.

मिस अर्नेस्टिन भेटायला आल्या तेव्हा मी तिथेच होते. हातात काठी, डोक्यावर चर्चची जांभळी हॅट. खुर्ची ओढून बसल्या. काकांनी त्यांना पहिल्यांदाच सरळ विचारलं, "माझ्यावर राग आहे?"

"राग आहे," त्या म्हणाल्या. "ते पैसे मला हवे होते. चुलत बहिणीच्या मुलीला घर घेऊन द्यायचं होतं. देवासमोर खोटं कशाला बोलू? पण तुमच्यावर नाही. तुम्ही आला नसतात तर आजोबांनी माझ्यासाठी काही राखून ठेवलं होतं, हेच मला कळलं नसतं."

काकांनी डोळे मिटले. 'छे छे, राग कसला' असं त्या म्हणाल्या असत्या तर त्यांचा विश्वास बसला नसता. त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी, ते शांत झोपले.

ऑक्टोबरमध्ये काका गेले. गॅसचे भाव तोवर घसरले होते आणि पत्रं यायची थांबली होती. काकूंनी मला सांगितलं, फोनवर नको, तू जाऊन सांग त्यांना. मी फोर्ट वर्थला गेले. मिस अर्नेस्टिननी मला आत घेतलं. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

मग त्यांनी टेबलावरून कागद आणि पेन्सिल आणली. "देवाघरी गेलेल्यांची नावं रविवारी चर्चमध्ये घेतात," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी त्यांना नुसतं 'मिस्टर' म्हणत आले. जीभ वळेना म्हणून. आता मला ते शिकव. चुकीचं घ्यायचं नाही मला."

मी मोठ्या इंग्रजी अक्षरांत काकांचं पूर्ण नाव लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावला. पहिल्यांदा 'धु' अडला. दुसऱ्यांदा 'सबनीस' घसरलं. मी सावकाश म्हणून दाखवलं. त्यांनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत घोकलं, आणि तिसऱ्यांदा ते नाव अमरावतीत म्हणतात तसं म्हटलं.